दप्तरी दाखल

पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालेल्या गाडीला जे पहिले स्थानक लागते ते चुडावा हे माझे गाव; पुढे लिंबगाव आणि मग नांदेड. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, निजामाच्या अमदानीत, सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून जो मीटरगेज लोहमार्ग घातला गेला त्याच्या कडेचे हे गाव असल्यामुळे येथील कापूस जसा त्या मार्गाने बाहेर गेला तशीच येथील मुलेही नोकरीचाकरीसाठी बाहेर गेली, आणि त्यांतच मीही पुण्यास गेलो, संगणकशास्त्र शिकलो व हिंजवडीत नोकरीला लागलो. 2020 च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची जी मुभा मिळाली ती माझ्यापुरती पुढेही कायम राहिली, आणि तेव्हापासून आमच्या घराच्या माडीवर बसून मी तेच काम करतो. मोठमोठ्या उद्योगांकडे ग्राहकांच्या ज्या तक्रारी येतात त्यांची नोंद, वाटणी आणि पाठपुरावा करणारी संगणकप्रणाली आमची कंपनी तयार करते. त्या प्रणालीच्या अंगी ग्राहकाचे म्हणणे समजून घेऊन स्वतः उत्तर देण्याचे आणि योग्य ती कारवाई करण्याचे सामर्थ्य आणणे, हे माझ्याकडे सोपविलेले काम आहे. अशा यंत्राला आमच्या व्यवसायात ए.आय. एजंट म्हणतात.

दूरध्वनीवर 'मराठीसाठी दोन दाबा' असे सांगणारी यंत्रणा आणि संकेतस्थळाच्या कोपऱ्यात राहून ठरीव प्रश्नांना ठरीव उत्तरे देणारा चॅटबॉट ही या यंत्राची पूर्वीची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि त्यांच्याविषयी लोकांच्या मनात जो वैताग साठला आहे तो सकारण आहे, कारण ग्राहकाचा प्रश्न त्यांच्या यादीत नसला की तो प्रश्नच नाही अशा थाटात ती वागत. 2017 मध्ये गूगलशी संबंधित आठ संशोधकांनी, ज्यांत पुण्याच्या पी.आय.सी.टी. या महाविद्यालयात शिकलेल्या निकी परमार याही होत्या, 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या रचनेवर आधारलेले चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आले. आणि वाकड्यातिकड्या, अर्धवट वाक्यांतूनही माणसाचा आशय ओळखणारे यंत्र आमच्या हाती पडले. या यंत्राला भाषा येते. परंतु अमुक शिवारातील अमुक गटातल्या पंपाची हमी कोणत्या तारखेला संपते हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसले तरी सफाईदार वाक्य रचण्यापासून ते परावृत्त होत नाही, म्हणून त्याच्यापुढे कंपनीचे दप्तर उघडून द्यावे लागते: ग्राहकाची नोंद वाचण्याची परवानगी, तक्रार दाखल करण्याची परवानगी, कारागिराच्या वेळापत्रकातून दिवस राखून ठेवण्याची परवानगी. यांतील प्रत्येक परवानगी हा एक अधिकार आहे, आणि तो किती द्यावा, कोणत्या पायरीवर थांबवावा आणि त्याच्या वापराचा जाब कोणी द्यावा, हा विचार या कामात संगणकाच्या आज्ञा लिहिण्यापेक्षा अधिक वेळ घेतो असा माझा अनुभव आहे.

सौर कृषी पंप बसविणाऱ्या एका पुरवठादाराचा तक्रार-कक्ष आमच्याकडे आला, तेव्हा या विचाराला माझ्या स्वतःच्या मुलखात प्रत्यक्ष रूप आले. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्याच्या पाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की हळदीला किंवा उसाला पाणी देण्यासाठी माणसाने काळोखात बॅटरी घेऊन विंचूकाट्यांतून जावयाचे असते. त्यामुळे राज्य शासनाने 2024 मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना काढली तेव्हा तिचे आकर्षण केवळ वीजबिलाचे नव्हते. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाचाचा आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसाताचा पंप. आणि बसविणाऱ्याने पाच वर्षे दुरुस्तीची हमी द्यावयाची, असे या योजनेचे स्वरूप आहे. ही पाच वर्षांची हमी कागदावर एका ओळीत मावते. प्रत्यक्षात ती एका दूरध्वनी क्रमांकावर, एका व्हॉट्सॲप खात्यावर आणि त्यांच्या पलीकडे बसलेल्या काही थोड्या मुलामुलींवर अवलंबून असते.

तक्रारी बहुधा लिहून येत नाहीत, बोलून येतात. 'मोटर चालू हाय, पर पाणी फेकीना', 'जरा ढग आलं की बंद पडायलीय', 'पेटीवर लाल लाईट लागलीय साहेब, दोन दिवस झाले' अशा ध्वनिसंदेशांत मागे बैलाच्या गळ्यातली घंटा आणि वाऱ्याचा घोंघाट मिसळलेला असतो. वर्तमानपत्री आणि शहरी मराठीवर घडलेल्या, बोलणे लिहून घेणाऱ्या ध्वनिलेखकाला आमच्या मराठवाड्यातील क्रियापदे उमगत नसत; 'पडायलीय' हे 'पडायला आली' असे लिहून घेतले की चालू असलेला बिघाड पुढे होऊ घातलेला बिघाड बनतो आणि तक्रारीची निकड नाहीशी होते. 2022 मध्ये केंद्र शासनाने भारतीय भाषांसाठी आरंभिलेला 'भाषिणी' हा उपक्रम आणि मद्रासच्या आय.आय.टी.तील एआयफॉरभारत या गटाचे कार्य यांमुळे ही स्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही गावातील परिचितांच्या संमतीने त्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून, ती मी स्वतः कानाने ऐकून, यंत्राने लिहून घेतलेल्या मजकुराशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. देवनागरीतील मजकुराचे यंत्राच्या दृष्टीने इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडतात आणि आकारणी या तुकड्यांवर होते, त्यामुळे तोच संवाद मराठीत महाग पडतो; हा अन्याय कोणी हेतुतः केलेला नाही, परंतु खर्चाचा ताळेबंद मांडताना प्रत्येक बैठकीत मराठीचा बचाव मला करावा लागतो, आणि तो मी करीत आलो आहे.

ओळख पटविण्याचा प्रश्न याहून बिकट होता. तक्रार घेण्यापूर्वी नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवावा, ही शहरात सहज वाटणारी पद्धत आमच्याकडे पहिल्याच पायरीवर अडते, कारण अर्ज भरला तो महा ई-सेवा केंद्रात, आणि घाईगर्दीत क्रमांक नोंदला गेला तो केंद्रचालकाचा; किंवा सातबारा वडिलांच्या नावे, वडील निवर्तलेले, फेरफार प्रलंबित, आणि फोन पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाकडे. अशा माणसाला 'आपली ओळख पटत नाही' असे उत्तर देणारे यंत्र सुरक्षिततेच्या नियमाने निर्दोष असते, आणि तरीही त्या शेतकऱ्याचे पीक वाळते. पुष्कळ चर्चेनंतर आम्ही असे ठरविले की तक्रार नोंदवून घेण्यासाठी ओळखीची अट मुळीच नसावी, कारण पंप बंद आहे हे कोणीही सांगू शकतो. गावाचे नाव, गट क्रमांक आणि पंपावरील क्रमांकपट्टीचे छायाचित्र एवढ्यावर नोंद व्हावी. आणि पैशाचा, हमीचा किंवा पत्ता बदलण्याचा प्रश्न येईल तेथेच काय ती काटेकोर तपासणी करावी.

यंत्राने काय बोलू नये, याचेही नियम करावे लागले. कारागीर उद्या सकाळी येईल, असे आश्वासन देण्याकडे या भाषायंत्रांचा स्वाभाविक कल असतो, कारण ज्या अफाट मजकुरावर ती घडली त्यात ग्राहकाशी बोलणारा मनुष्य असेच काही आश्वासक बोलत असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या एका न्यायाधिकरणाने 2024 च्या फेब्रुवारीत एअर कॅनडाविरुद्ध दिलेला निर्णय या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे: आप्ताच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूला विमानकंपनीच्या चॅटबॉटने सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, कंपनीने त्या चॅटबॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही असा पवित्रा घेतला, आणि न्यायाधिकरणाने तो अमान्य करून उतारूला भरपाई देवविली. आमच्या यंत्राच्या उत्तरात दिवस किंवा रक्कम आली की ती दप्तरातील नोंदीवरूनच आलेली आहे की नाही हे दुसरी एक तपासणी पाहते, आणि तशी नोंद नसेल तर ते वाक्य ग्राहकापर्यंत जातच नाही.

हे सर्व करीत असताना ज्या ज्ञानावर यंत्र उभे राहिले ते कोणाचे होते, हे सांगितलेच पाहिजे. तक्रार-कक्षात परभणी, जिंतूर, नांदेड या भागांतून गेलेल्या मुली काम करीत. त्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या उत्तरांच्या नोंदींतून यंत्राला शिकविण्याचा मजकूर तयार झाला. मोटर फिरते परंतु पाणी अगदी थोडे येते, अशी तक्रार आली की त्यांचा पहिला प्रश्न असे, 'काल-परवा कोणी पेटी उघडली होती का?' कारण पंपाच्या नियंत्रणाच्या या पेटीत तीन फेजच्या मोटरीच्या दोन वायरी जोडताना अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, आवाज येतो, आणि पाणी मात्र पुरेसे चढत नाही. उत्तर नकारार्थी आले तर बोरची पातळी, प्लेटांवरील धूळ, झाडाची नवी सावली, उंदराने कुरतडलेली वायर, असा त्यांचा क्रम ठरलेला असे. कोणत्याही उत्पादकाच्या माहितीपुस्तकात हा क्रम या स्वरूपात मला आढळला नाही. 2024 मध्ये क्लार्ना या स्वीडिश कंपनीने आपले यंत्र सातशे माणसांचे काम करते असे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ग्राहकांना माणसाशी बोलावयास मिळाले पाहिजे म्हणून पुन्हा माणसे घेण्याची भाषा केली. त्या घोषणेचे कात्रण आमच्या बैठकीत फिरले तेव्हा मी एवढाच आग्रह धरला की ज्यांच्या उत्तरांतून यंत्र शिकले त्यांना यंत्राच्या उत्तरांवर शेरा मारण्याचे, ती दुरुस्त करण्याचे आणि प्रसंगी यंत्र थांबविण्याचे काम द्यावे, आणि त्या कामाचा दर्जा व वेतन पूर्वीहून वरचे असावे. तो आग्रह अंशतः मान्य झाला. सर्वांची सोय झाली नाही, आणि त्याचे शल्य मला आहे.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याच्या पहिल्याच सकाळी या व्यवस्थेची उपयुक्तता प्रत्ययास आली. तोवरच्या जवळजवळ सर्व तक्रारी पाणी येत नाही अशा होत्या. आता संदेश येऊ लागले की पेटी पाण्यात आहे, प्लेटा चिखलात आडव्या झाल्या आहेत, काय करू. सौर प्लेट उन्हात असेपर्यंत वीज निर्माण करीतच राहते, मोटरीचे बटण बंद केल्याने ती थांबत नाही, आणि पाण्यात बुडालेल्या पेटीला हात लावणे प्राणावर बेतू शकते. कक्षातील एका ज्येष्ठ मुलीने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता त्या विषयातून यंत्राला तत्काळ बाजूला केले, 'पेटीला हात लावू नका, लांब राहा, आम्ही फोन करतो' एवढा एकच मजकूर सर्वांना जाईल अशी तजवीज केली, आणि मग त्या सगळ्या मुली फोनवर बसल्या. यंत्र थांबविण्याचा अधिकार तिला आधीपासून लेखी दिलेला होता, म्हणून हे मिनिटांत झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहावयास घेतले तिच्याकडे वळतो. ग्राहक-सेवेच्या व्यवसायात यंत्राची योग्यता एका आकड्याने मोजली जाते: शंभर तक्रारींपैकी किती तक्रारी माणसापर्यंत न जाता निकाली निघाल्या. इंटरकॉम या कंपनीने 2023 मध्ये 'फिन' नावाच्या आपल्या एजंटसाठी प्रत्येक निकालामागे 99 सेंट अशी आकारणी ठेवली, आणि तिच्या नियमांत ग्राहकाने स्पष्ट मान्य केलेला निकाल जसा धरला जातो, तसाच उत्तर ऐकून ग्राहक पुढे काही न बोलता निघून गेला तर तोही निकाल गृहीत धरला जातो. अनेक प्रणालींत असाच दंडक आहे. ठरावीक तासांत प्रत्युत्तर आले नाही की तक्रारीची नोंद, म्हणजे 'तिकीट', आपोआप बंद होते. शहरातल्या माणसाने मागविलेल्या सदऱ्याच्या बाबतीत हे गृहीतक कदाचित खपून जाईल. आमच्याकडे माणूस गप्प बसतो त्याची कारणे निराळी असतात: रिचार्ज संपलेला असतो, फोन मुलाबरोबर परभणीस गेलेला असतो, किंवा दोन वेळा सांगून झाले, आता तिसऱ्यांदा कोणाला सांगावयाचे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. निजामी कचेऱ्यांत उर्दूतून चालणाऱ्या कारभारात मराठी रयतेचा अर्ज अर्जनविसाच्या हातून जाई, त्याची मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांची जुडी, या पेशकाराकडून त्या पेशकाराकडे फिरे, आणि अर्जदार पुन्हा हजर झाला नाही की तिच्यावर 'दाखल दफ्तर' असा शेरा पडून ती बस्त्यात बांधली जाई, असे वडीलधाऱ्यांकडून मी ऐकलेले आहे. दप्तरी दाखल होणे याचा आमच्याकडचा अर्थ तक्रार मिटणे असा कधीच नव्हता. आपोआप बंद झालेल्या तिकिटांची यादी जेव्हा मी प्रथम उघडून पाहिली, तेव्हा त्या यादीत शेजारच्या गावांची नावे वाचताना मला त्या बस्त्यांची आठवण झाली.

त्या यादीतील एका शेतकऱ्याचे प्रकरण मी स्वतः शेतावर जाऊन पाहिले. त्याची तक्रार यंत्राने नोंदविली होती, प्लेटा पुसण्याची सूचना दिली होती, आणि त्याचे उत्तर न आल्यामुळे ती बंद केली होती. त्याने प्लेटा पुसल्या होत्या. पाणी आले नव्हते. तुरीला फुले लागलेली होती आणि थांबणे शक्य नव्हते, म्हणून त्याने गावातल्या मोटर बांधणाऱ्याला बोलावून रोख पैसे देऊन पेटी उघडविली. पेटी उघडताच तिचे सील तुटले, आणि सील तुटले की हमी रद्द, असा पुरवठादाराचा नियम. पुढे खरा मोठा बिघाड झाला तेव्हा त्याचा दावा या एका कारणावरून नामंजूर झाला. प्रणालीच्या दप्तरात मात्र दोन्ही प्रकरणे व्यवस्थित होती: पहिले निकाली, दुसरे नियमाप्रमाणे नामंजूर. दोहोंमधला दुवा कोठेही लिहिलेला नव्हता, कारण पहिली मिसल मिटलेली होती.

हा दुवा लिहिला जाईल अशी रचना करण्यात माझे त्यानंतरचे बरेचसे काम गेले. तक्रार बंद करण्याचा अधिकार यंत्राकडून काढून घेतला. पाणी आले असे तक्रारदार स्वतः म्हणेल तेव्हाच ती बंद व्हावी. तो गप्प राहिला तर यंत्राने संध्याकाळी, माणूस शेतावरून घरी परतल्यावर, एकदा विचारावे, आणि तरीही उत्तर आले नाही तर ते नाव माणसाने फोन करावयाच्या यादीत जावे. त्या माणसापुढे आरंभापासूनचा सर्व वृत्तांत, काय विचारले, काय सुचविले, शेतकऱ्याने काय करून पाहिले, असा टाचणरूपाने यावा, म्हणजे शेतकऱ्याला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही; आणि एकाच पंपाच्या सर्व तक्रारी एकाच मिसलीत एकत्र राहाव्यात, मग त्या फोनवरून आलेल्या असोत, व्हॉट्सॲपवरून असोत की विक्रेत्यामार्फत. यातील शेवटचे कलम सांगावयास सोपे आणि करावयास अत्यंत कठीण आहे, कारण एकाच गटात दोन भावांचे दोन पंप, आडनाव तेच, विहीर सामाईक, आणि संदेश पाठविणारा पुतण्या एकच, अशी प्रकरणे पदोपदी येतात, आणि दोन तक्रारी चुकून एक झाल्या तर एका भावाचा पंप कायमचा विस्मृतीत जातो. जेथे संशय असेल तेथे तक्रारी जुळवू नयेत, वेगळ्याच ठेवाव्यात आणि माणसाने पाहाव्यात, हा नियम आम्ही स्वीकारला, मग दुहेरी फेरीचा खर्च पडला तरी चालेल.

या बदलाने निकालांचा आकडा खाली आला, हे उघडच होते, आणि पुरवठादाराच्या व्यवस्थापनाने त्याविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली. आकडा खाली आला तो तक्रारी वाढल्यामुळे नव्हे, तर पूर्वीपासून असलेल्या तक्रारी आता दिसू लागल्या म्हणून, हे मी माझ्या परीने त्यांना समजावून सांगितले, आणि शेतावर पाहिलेले ते प्रकरण, नाव गाळून, दोन्ही मिसलींसह त्यांच्यापुढे ठेवले. तेव्हा त्यांनी हा नियम चालू ठेवण्यास संमती दिली.

सध्या त्यांच्याकडून दुसरा प्रस्ताव आला आहे. शेतकऱ्याने पाठविलेल्या छायाचित्रात सील तुटलेले दिसले की यंत्राने परस्पर हमीचा दावा नामंजूर करून तसे पत्र पाठवावे, म्हणजे अभियंत्याचा वेळ वाचेल, असे त्यांचे म्हणणे आहे. छायाचित्रातील तुटलेले सील ओळखणे यंत्राला सहज साधेल. ते कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या विलंबामुळे तुटले हे छायाचित्रात नसते, ते मिसलीत असते, आणि मिसल वाचून आपल्या पक्षाविरुद्ध जाणारा निष्कर्ष काढण्याचा अधिकार ज्याला आहे अशा माणसानेच नकारावर सही केली पाहिजे, असे टिपण मी लिहून दिले आहे. पहिली तक्रार वेळेत हाताळली न गेल्यामुळे सील तुटले असेल तर हमी अबाधित राहावी, अशी दुरुस्तीही त्यात सुचविली आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. तोपर्यंत यंत्राला नामंजुरीचा मसुदा करण्याचीही परवानगी मी दिलेली नाही, आणि नकाराचा प्रत्येक कागद अभियंत्याच्या नावानिशी, त्याच्या सहीने आणि त्याच्या दूरध्वनी क्रमांकासह जातो.